आजी-आजोबा, दोन मुलं आणि एक दिवस: ‘जुनं हॉलंड’ कुठे दाखवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब नेदरलँड्समधल्या आल्मेरमध्ये राहतं. जुलैमध्ये पुण्याहून आई-बाबा येणार आहेत. बाबा ७३ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. आई ६८, शुद्ध शाकाहारी. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीनचा. ‘जुनं हॉलंड एका दिवसात दाखवायचं आहे, सगळ्यांना आवडेल असं. झान्से स्खान्स, फोलेंडाम, आर्नहेम की एन्कहाउझेन? बायको म्हणते त्यापेक्षा सरळ एफ्टेलिंगच्या मनोरंजन पार्कला जाऊ.’

मी सतरा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. त्यातली बारा-तेरा वर्षं भारतातून येणाऱ्या, बहुतेक मराठी, कुटुंबांना फिरवण्याचं काम करते. या सगळ्या ठिकाणी किती वेळा गेले याची मोजदाद कधीच सोडली. आधी उत्तर देते, मग कारणं सांगते: एन्कहाउझेनला जा, झाउडरझे म्युझियममध्ये. निदान तुम्ही आल्मेरचे आहात म्हणून तरी तिथेच जा. ते का, ते पुढे येईल.

तुम्ही ठिकाणाबद्दल विचारलंय, पण तुमची खरी अडचण चालण्याच्या वेगाची आहे. तीन वर्षांचा मुलगा दहा पावलांत चार वेळा थांबणार. मुलगी पुढे पळणार. बाबा बाक शोधणार. आणि तुम्ही दोघं हातात नकाशा धरून सगळ्यांना हाकत राहणार. दुपारी दोनपर्यंत कुणीतरी रडतं किंवा कुणीतरी गप्प होतं. गप्प होणारे बहुतेक वेळा आजोबा असतात. आपल्याकडे सहलीत आजी-आजोबांचं काम जणू ठरलेलंच असतं: सावलीत बसून पिशव्या सांभाळायच्या आणि ‘तुम्ही या जाऊन, आम्ही इथे बरे आहोत’ असं म्हणायचं. पुण्याहून एवढा लांबचा विमानप्रवास करून आलेल्या माणसाने इथेही पिशव्याच सांभाळायच्या असतील, तर कुठलंही ठिकाण सारखंच.

म्हणून मी ठिकाण निवडताना एकच बघते: इथे आजी-आजोबांना नातवंडांना सांगण्यासारखं काय आहे? या कसोटीवर बाकीची ठिकाणं भराभर तपासू.

एफ्टेलिंग छान आहे, १९५२ पासून आहे, आणि तिथलं परीकथांचं जंगल तीन वर्षांच्या मुलासाठी अगदी योग्य आहे. पण ते मुलांचं ठिकाण आहे. मुलीला पाळण्यांत बसायचं असेल तर तो वेगळा दिवस काढा, आई-बाबांना घरी विश्रांती द्या. ‘म्युझियममध्येपण तशीच मजा असते गं’ असं खोटं सांगून मुलांना नेऊ नका. अकरा वाजता बिंग फुटतं.

झान्से स्खान्स अॅमस्टरडॅमजवळ आहे, तिथे अर्धा दिवस पुरतो, आणि पवनचक्क्या खऱ्याखुऱ्या चालतात. ‘दे कात’ नावाची चक्की अजून रंगाची पूड दळते, ‘हेट योंगे स्खाप’ ही लाकूड कापते. झान नदीच्या या पट्ट्यात एके काळी सहाशेच्या वर चक्क्या होत्या. म्हणजे तो त्या काळचा औद्योगिक पट्टा होता, आपल्या भोसरी-चिंचवडसारखा. हे कुणी समजावून सांगितलं तर जागा रंगते. नाहीतर बसमधून उतरायचं, लाकडी बुटात पाय घालून फोटो काढायचा, चीज चाखायचं आणि परत बसमध्ये चढायचं. जुलैमध्ये गर्दी इतकी असते की बाबांना बाक मिळेल याची खात्री मी देणार नाही. फोलेंडाम या कोळ्यांच्या गावी जुन्या पोशाखातला फोटो काढून घ्यायची हौस असेल तर एक संध्याकाळ जा, तेवढं पुरे.

आर्नहेमचं खुलं म्युझियम हा मात्र खरा प्रतिस्पर्धी आहे. १९१२ मध्ये संस्था स्थापन झाली, १९१८ मध्ये लोकांसाठी उघडलं. ४४ हेक्टरचा परिसर आहे आणि देशभरातून उचलून आणलेली शेतघरं, चक्क्या, कारखाने तिथे आहेत. आतून जुनी ट्रॅम गोल फिरते. बाबांना सलग अर्धा किलोमीटरही चालवत नसेल, तर माझं उत्तर बदलेल आणि मी आर्नहेम सांगेन. फक्त एक लक्षात ठेवा, ट्रॅम जुन्या म्हणजे पायऱ्याही जुन्या आणि उंच. आधी फोन करून विचारून घ्या. पण बाबा थांबत थांबत चालत असतील, तर एन्कहाउझेन.

आता आल्मेरचं कारण. तुमचं घर जिथे आहे तिथे शंभर वर्षांपूर्वी समुद्र होता. झाउडरझे म्हणजे दक्षिणेकडचा समुद्र. देशाच्या पोटात शिरलेला हा उथळ, खारा आखात होता, त्याच्या काठाने हेरिंग आणि अँचोव्ही पकडणारी गावं होती, आणि वादळात तो त्याच गावांवर चालून यायचा. जानेवारी १९१६ मध्ये मोठा पूर आला. तोंडावर बांध घालून हा समुद्र बंद करायची योजना कॉर्नेलिस लेली या अभियंत्याने आधीच मांडली होती. पुरानंतर, १९१८ मध्ये, तिचा कायदा झाला. आफस्लाउटडाइक हा ३२ किलोमीटरचा बांध २८ मे १९३२ रोजी सांधला गेला आणि समुद्राचं तोंड बंद झालं. खाऱ्या पाण्याचं हळूहळू गोड्या पाण्याचं तळं झालं, त्याचं नाव आयसलमेर. हेरिंग गेली, अँचोव्ही गेली. मग तळातले मोठमोठे तुकडे कोरडे करून जमीन काढली. तुमच्या आल्मेरमध्ये पहिले रहिवासी १९७६ मध्ये आले. म्हणजे तुमच्या गावातल्या कुठल्याही घरापेक्षा तुमचे बाबा वयाने मोठे आहेत. हे त्यांना सांगा, त्यांना फार आवडेल.

ज्या समुद्राच्या तळावर तुमचं शहर उभं राहिलं, त्याच समुद्राकाठच्या माणसांची घरं एन्कहाउझेनला जपून ठेवली आहेत. खुलं म्युझियम १९८३ मध्ये सुरू झालं. बुडणार, पडणार किंवा पाडली जाणार होती ती घरं काठाकाठाच्या गावांतून सोडवून इथे पुन्हा उभी केली. काही तर अख्खीच्या अख्खी तराफ्यावर घालून पाण्यातून आणली.

म्हणून माझा आग्रह आहे की शक्यतो गाडीने, लेलीस्टाडवरून जा. शहराचं नाव त्याच लेलीचं, हे मुलीला वाटेत सांगून टाका. लेलीस्टाडनंतर हाउट्रिबडाइक हा बांध लागतो. पंचवीस किलोमीटरच्या वर सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी. आजी ‘अगं बाई’ म्हणते ती इथे. रस्ता संपता संपता, एन्कहाउझेनच्या अलीकडे, गाडी खाली उतरते आणि वरून जहाजं जातात. नाविडक्ट म्हणतात त्याला, २००३ पासून आहे. मुलाला आधीच सांगून ठेवा की आता आपण जहाजाखालून जाणार. आमच्या गाडीत तर या दहा सेकंदांसाठी मुलांनी परत फिरून यायचा हट्ट धरलेला आहे. घरापासून पाऊण-एक तास लागतो. ट्रेनने अॅमस्टरडॅमला गाडी बदलून दीड तासाच्या आसपास. ट्रेनने गेलात तर बँक कार्ड टेकवून प्रवास करता येतो, पण प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड वेगळं लागतं, आणि चढताना जे टेकवलं तेच उतरताना टेकवायचं. एका कार्डावर आई-बाबांनाही घेऊ असं समजून अडकलेली बरीच मंडळी पाहिली आहेत.

म्युझियमच्या वाहनतळापासून खुल्या भागात बोटीने नेतात. ही बोट चुकवू नका, कारण ते गाव पाण्याच्या बाजूनेच बघायचं असतं.

पहिल्या एक-दोन वर्षांत मी जी चूक केली ती सांगते. नऊ जणांचं कुटुंब होतं. मी नकाशातलं प्रत्येक घर क्रमाने दाखवायला निघाले. शंभरावर इमारती आहेत तिथे! बाराव्या घरात आजोबा एका खुर्चीवर बसले. ती खुर्ची प्रदर्शनातली होती, आणि तिथल्या बाई नम्रपणे धावत आल्या. तेव्हापासून नियम केला: दिवसभरात चारच थांबे, प्रत्येक ठिकाणी जिथे कुणीतरी हाताने काम करतंय तिथे अर्धा-पाऊण तास, आणि मधली घरं वाटेत लागली तर. कुठलं काम कधी चालू असतं ते रोज बदलतं, त्यामुळे आत शिरताना पहिल्यांदा तेच विचारा.

माझे नेहमीचे थांबे सांगते.

बोट लागते त्या बाजूलाच चुन्याच्या उंच भट्ट्या दिसतात, बाटलीच्या आकाराच्या. त्यांत शिंपले भाजून चुना काढायचे. आई किंवा बाबा कोकणातले असतील तर तुम्हाला काही सांगावंच लागणार नाही, कारण कोकण किनाऱ्यावरही शिंपल्यांचाच चुना करत असत. मग वाळत घातलेली मासेमारीची जाळी दिसतील, तपकिरी रंगाची. सुती जाळी खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून सालीच्या काढ्यात उकळून काढायचे, आणि पुढे त्या काढ्यासाठी आशियातून येणारा कात वापरू लागले. तोच, खैराचा, विड्याला लावतो तो. हे ऐकल्यावर एका आजींनी हिशोब केला, ‘चुना झाला, कात झाला, आता पान-सुपारी तेवढी आणा.’ त्यांच्या नातवाला कात म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. पुढचा अर्धा तास आजी बोलत होत्या आणि मी गप्प होते. माझ्या धंद्यात याहून चांगला अर्धा तास नसतो.

दुसरा थांबा दोरखंडवाल्याचा. धागे ताणून, हँडल फिरवून, पीळ देऊन दोर कसा वळतात ते दाखवतात, आणि मुलांना बहुधा हात लावू देतात. ज्यांनी गावी मांडीवर सुंभ वळलाय त्या बाबांना इथे पुढे करा. भाषा यावी लागत नाही. पिळाची दिशा उलटी झाली तर दोर सुटतो, हे डच माणसालाही कळतं आणि इंदापूरच्याही.

तिसरा थांबा धुलाईचा. वाफेवर चालणारी लाँड्री आहे. इथल्या बायकाही पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायच्या, पुडीतली. आईला नीळ आठवत असेलच. दादाच्या शाळेच्या शर्टावर निळे डाग पडले होते ती गोष्ट प्रत्येक घरात असते, ती मुलीला ऐकू द्या.

चौथा म्हणजे कुठलंही एक कोळ्याचं घर, एकच, पण नीट बघायचं. भिंतीत कपाटासारखा पलंग असतो, दार लावून झोपायचं. इतका आखूड, की माणसं अर्धवट बसूनच झोपत. मुलांना ही जागा सोडवत नाही. पाय शेकायची छोटी लाकडी पेटी असते, आत निखाऱ्यांचं भांडं. आपल्या शेगडीची धाकटी बहीण. अशा घरात आठ-दहा माणसं राहत, हे सांगितलं की आजोबा हमखास म्हणतात, ‘मग आमच्या चाळीत काय वेगळं होतं?’

चाळीवरून आठवलं. बरेच जण मला विचारतात, तुम्ही एन्कहाउझेनच का धरून बसता. उजनी धरणात गाव गेलेले एक आजोबा मी इथे आणले होते. त्यांचं घर पळसदेवच्या बाजूचं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथलं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं, ते त्यांनी मला फोनवर दाखवलं. मी त्यांना सगळी कहाणी सांगितली: समुद्र बंद झाला, कोळ्यांचा धंदा गेला, १९२५ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी मदतीचा कायदाही केला होता, आणि तरीही किती जणांना जाळी विकावी लागली. ते एका घरासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘हे घर उचलून आणलंय ना? आमचं कुणी उचललं नाही.’ त्यांच्या मुलाला, जो इथे आयटीत आहे, गावाबद्दल यातलं फारसं काही माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत तो विचारत होता आणि ते सांगत होते. तुमच्या बाबांचं असं काही असेलच असं नाही. पण पाण्याखाली गेलेली गावं महाराष्ट्रात थोडी नाहीत.

आता पोटाचं बघू. आई शाकाहारी आहेत, तर थोडी तयारी करा. पॅनकेक मिळतात. पोफर्चेस मिळाले तर घ्या. आपल्या आप्पेपात्रासारख्याच खळग्यांच्या तव्यावर होतात, वर लोणी आणि पिठीसाखर. पण पिठात अंडं असू शकतं, विचारून घ्या. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असू शकतं, शाकाहारी हवं असेल तर तेही विचारावं लागतं. वाटाण्याचं सूप दिसलं तर ‘वाटाण्याचंच तर आहे’ म्हणून आईच्या पुढे ठेवू नका, त्यात डुकराचं मांस असतं. माझा सल्ला सरळ आहे: दशम्या आणि चटणी घरून न्या, बांधावर पाण्याकडे तोंड करून बसा, आणि तिथे विकत घ्यायचा तो फक्त चहा. मासे खाणारे असाल तर धुरी दिलेली हेरिंग सोडू नका. धुराच्या वासाची आईला शिसारी येईल, म्हणून वाऱ्याची दिशा बघून बसा. हे मी चेष्टेत म्हणत नाहीये.

हवामानाबद्दल: जुलै असला तरी आयसलमेरवरचा वारा पुण्याच्या डिसेंबरसारखा लागतो. छत्री नेऊ नका, उलटी होते. प्रत्येकाला टोपीवालं पावसाळी जाकीट द्या, आजीला कानटोपी. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला तर बोटीत चढणं सोपं जातं, पण हे सुनेनं सांगू नये, मुलाने सांगावं. बूट सपाट तळाचे घाला, रस्ते विटांचे आहेत. धाकट्यासाठी बाबागाडी मोठ्या चाकांची न्या. चाकाची खुर्ची उसनी मिळेल का ते आदल्या दिवशी विचारा. बाबा ‘मला नको’ म्हणतील. तरी घ्या आणि आधी तिच्यात पिशव्या ठेवा. तीन वाजता पिशव्या खाली उतरतात आणि बाबा बसतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हसू येतं.

खुला भाग साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालू असतो, तेव्हा जुलै ठीक आहे. आई-बाबा हिवाळ्यात येणार असते तर मी हे सगळं सांगितलंच नसतं. सकाळी उघडताच पोहोचा. दुपारी तीननंतर नवीन काही सुरू करू नका. पाचला कामं आवरतात, आणि शेवटच्या बोटीला सगळ्यांची एकदम घाई होते.

अंगात ताकद उरली तर एन्कहाउझेन गावातून एक चक्कर मारा. बंदरावर १५४० चा द्रोमेडारिस बुरूज आहे. गावाच्या मानचिन्हावर तीन हेरिंग आहेत, ते मुलीला शोधायला लावा. आणि बाबांना इतिहासाची आवड असेल तर सांगा: याच गावात वाढलेला यान हाउखेन फान लिन्सखोटेन १५८३ मध्ये गोव्याला पोहोचला आणि पाच वर्षं तिथल्या आर्चबिशपचा चिटणीस होता. परत येऊन त्याने जे लिहिलं ते १५९६ मध्ये छापून आलं, आणि आंबा-फणसापासून पोर्तुगीजांच्या सागरी वाटांपर्यंतची माहिती डच दर्यावर्दींच्या हातात पडली. पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक एन्कहाउझेनलाच होती, आणि १६३७ मध्ये त्याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात उभी राहिली. तेव्हा वेंगुर्ल्याचं कुणी भेटलं तर सांगा, ओळख जुनी आहे.

तर धावत आठवण: गाडीने, लेलीस्टाडच्या बांधावरून. चार थांबे, जास्त नाही. पहिला प्रश्न ‘आज कुठे काय चालू आहे’. दशम्या घरून. बाबांचा गुडघा फारच दुखत असेल तर आर्नहेम.

आणि मुलगी जो दोर वळेल तो फेकू नका. आई-बाबा परत निघाले की त्यांच्या एका तरी बॅगेची चेन बिघडलेली असतेच.